अडतीस माणसांचा एक प्रवासी

"नऊ नंबरची बस बंद होत नाही म्हणजे नाही! मी आहे ना!"

दुकानासमोर उभं राहून, डोक्यावरचा उंच लोकरी टोप, कल्पाक, नीट बसवत ओरोझबायने हे जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको बुरुल घरात बसली होती. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी खाली शहरातल्या दवाखान्यात जावं लागे. त्यांची ऐ-ताश वस्ती डोंगरावर. बर्फ पडलं की टॅक्सीवाले त्या चढाचं नावही काढत नसत.

शहरात बसगाड्यांची नवी स्मार्ट कचेरी निघाली होती. कोणती बस ठेवायची आणि कोणती काढायची, हे आता बसमधलं कार्डाचं यंत्र ठरवणार होतं. पाच दिवस मोजणी. रोज तीस प्रवासी दिसले नाहीत, तर बस बंद!

ओरोझबायने तीस वर्षं ट्रॉलीबस चालवलेली. बस कशी भरायची हे त्याला कोण शिकवणार? तो घरोघर फिरला. "काम असो नसो, सोमवारी सकाळी बसला या!"

अडतीस जण आले. शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या सैकाल एजे, म्हणजे सगळ्यांच्या सैकालताई, त्यासुद्धा काठी टेकत आल्या. प्रत्येकाने भाड्याचं कार्ड काढलं आणि ओरोझबाय दारातच आडवा आला.

"खबरदार! मी बोलावलंय तुम्हाला. पाहुण्यांनी खिशात हात घातला तर माझी अब्रू काय राहिली?"

त्याने आपलं एकच कार्ड यंत्राला अडतीस वेळा लावलं. मनगट दुखलं, पण छाती फुगली.

मंगळवारी यंत्रासमोर झोंबाझोंबी झाली. "काल तुम्ही, आज मी!" असं म्हणत जुनुस मेंढपाळाने त्याला कोपराने बाजूला सारलं. बुधवारी सैकाल एजेंनी काठी उगारून सगळ्यांचं भाडं भरायची पाळी मिळवली. किरगिझ माणूस एक वेळ उपाशी राहील, पण शेजाऱ्याच्या उपकाराखाली दोन दिवस राहणार नाही. पाचही दिवस बस खच्चून भरली.

शनिवारी थांब्यावर कागद लागला. 'रोजचे सरासरी प्रवासी: एक. मार्ग बंद करण्यात येत आहे.'

ओरोझबाय तडक कचेरीत गेला. एर्निस नावाच्या साहेबाने पडदा त्याच्याकडे वळवला.

"बघा ओरोझबाय आके, एक कार्ड म्हणजे एक माणूस. रोज एकच माणूस अडतीस वेळा चढतोय."

"अडतीस वेळा? आणि उतरतो कधी?"

"ते यंत्र विचारत नाही."

"अरे, बसमध्ये कॅमेरा आहे ना!"

"कॅमेरा दुसऱ्या खात्याचा."

ओरोझबाय खूप ओरडला. मग त्याने डोक्यावरचा कल्पाक काढून टेबलावर ठेवला. "माझी बायको मरेल रे," तो म्हणाला. "शेखी मी मिरवली आणि मरायचं तिने."

एर्निसने पडदा परत आपल्याकडे वळवला. "बुधवारी फेरमोजणी करू," तो म्हणाला. "मी स्वतः येतो."

मंगळवारी ओरोझबायने सगळ्यांना भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. जो तो आपापलं कार्ड लावेल, दुसऱ्याचं कोणी लावणार नाही. लोकांनी माना खाली घालून शपथ घेतली, जणू चोरीची कबुलीच देत होते.

बुधवारी एर्निस सगळ्यांच्या आधी चढला आणि यंत्राशेजारी उभा राहिला. पहिल्याच पायरीवर सैकाल एजे. त्यांनी पिशवीत हात घातला, चष्मा वर केला.

"एर्निस? तिसऱ्या बाकावरचा?"

साहेब शाळकरी पोरासारखा ताठ झाला. "एजे! माझ्यासमोर तुम्ही कार्ड काढणार?" आणि टिंग! त्याने स्वतःचं लावलं.

"साहेब, नको!" ओरोझबाय किंचाळला.

पण बाईंच्या मागे पांढऱ्या दाढीचा जुनुस होता. बाईंचं भरलं आणि म्हाताऱ्याचं नाही, हे कसं दिसतं? टिंग! त्याच्यामागे बाळ कडेवर घेतलेली त्याची सून. टिंग! शेवटी बुरुलला हात देऊन वर घेताना त्याने अडतिसावं टिंग केलं, हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अडतिसांचा एक कसा होतो, आता कळलं?" सैकाल एजे म्हणाल्या. "गणितात तू तेव्हाही कच्चाच होतास."

महिनाभराने कचेरीचं पत्र आलं. ओरोझबायने ते चुलीजवळ बसून मोठ्याने वाचलं. 'यंत्रणेच्या नोंदीनुसार सदर मार्गावर प्रवासी एकच आढळला. तथापि, तो या कचेरीचा वरिष्ठ अधिकारी असल्याने मार्ग चालू ठेवण्यात येत आहे.'

"आणि आपण?" बुरुलने विचारलं.

त्याने कागद उलटून पाठीमागेही पाहिलं. "आपण यात कुठेच नाही गं."

"नसू दे," डोक्याला रुमाल बांधत ती म्हणाली. "उठा आता, बस चुकेल."