चाळीस वाट्यांतला एकांत

हे तुम्हाला पटणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. तरीही सांगणार, कारण रेशमाच्या अळ्यांविषयी माझ्याइतकं जाणणारा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही! एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत अळ्यांना तुतीचा पाला घातला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज सकाळी हजर. घरी बसून करू काय? मुलगा दूरदेशी, बायको त्याहून दूर. घरात आवाज करणारा एक फ्रिज, तोही मनात आलं तर गुरगुरतो.

प्रयोगशाळेत एक संशोधक बाई आहेत. वयाने माझ्या लेकीसारख्या, पण हुद्द्याने बाई. त्यांनी मला एकदा कामाचं गुपित सांगितलं. अळीच्या अंगात हजारो जनुकं असतात, पण सगळी एकदम बोलत नाहीत. कोणतं किती मोठ्याने बोलतंय, ते सॉफ्टवेअर मोजतं आणि पडद्यावर चौकोन रंगवतं. बोलकं ते लाल, गप्प ते निळं. माझ्या घराचा असा नकाशा काढला तर निळा रंग पुरायचा नाही.

बाईंचा प्रश्न असा, की गर्दीत वाढलेल्या अळीची आणि एकटीने वाढलेल्या अळीची जनुकं वेगवेगळी बोलतात का? म्हणून एका ट्रेमध्ये चारशे अळ्या, आणि शेजारी चाळीस वाट्या, प्रत्येकीत एकच अळी. तीन वर्षं हीच मांडणी. यंदाची फेरी शेवटची, आणि तिच्यावर बाईंची पदवी अडकलेली.

नेमक्या त्याच वेळी त्यांची आई आजारी पडली. चार दिवसांसाठी जाताना त्यांनी बजावलं, पाला घाला, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, हात खिशात घालून पाला घालतो.

दुसऱ्या दिवशी सातव्या वाटीतली अळी खाईना. मान वर करून थांबलेली. आता, कात टाकण्याआधी अळी अशीच थांबते, हे मला एकतीस वर्षं ठाऊक आहे. पण ही मान सरळ वर नव्हती, ट्रेकडे वळलेली होती! पंगत बसलेल्या घरात बाहेर बसवलेल्या पाहुण्यासारखी ती बघत होती. मीही माझा डबा मिटून ठेवला.

आणि मग ते घडलं. ट्रेमधून एक अळी निघाली. टेबल ओलांडलं, वाटी चढली, आत उतरली आणि सातव्या वाटीतलीच्या शेजारी बसून पाला कुरतडू लागली. जेवणाची वेळ होईपर्यंत चाळीसही वाट्यांत चाळीस पाहुण्या! चौथ्या दिवशी, बाई यायच्या तासभर आधी, सगळ्या शिस्तीत आपल्या ट्रेमध्ये परत. इतके समजूतदार पाहुणे माझ्याकडे कधी आले नाहीत. पाहुणेच आले नाहीत म्हणा.

बाईंनी नमुने घेतले, आणि आठ दिवसांनी आकडे सॉफ्टवेअरमध्ये घातले. एकटीचे चौकोन आणि गर्दीतलीचे चौकोन, जुळ्या बहिणी! दुसरं सॉफ्टवेअर लावलं, तेच. तिसरं लावलं, तेही तेच. मागच्या दोन वर्षांत स्पष्ट फरक दिसला होता, यंदा तो गेला कुठे? शुक्रवारी वरिष्ठांसमोर उभं राहायचं होतं. बाई डबा उघडून तशाच बसलेल्या. एकटं बसून डब्याकडे बघणारं माणूस मला लगेच ओळखू येतं, सराव आहे.

मग राहवेना. मी खुर्ची ओढली आणि अळ्यांच्या भेटीगाठींची हकीकत सांगितली. वाटलं, खूश होतील.

बाईंनी डबा बाजूला सारला. शांतपणे म्हणाल्या, "काका, अळ्या आपण होऊन जात असतील, तर माझी मांडणीच चुकली. तीन वर्षं पाण्यात. कुणी हाताने ठेवल्या असतील, तर ही एकच फेरी गेली. नवी अंडी काढायची, महिनाभरात पुन्हा उत्तर. म्हणून नीट आठवून सांगा."

आता आली का पंचाईत! खरं बोलावं, तर सकाळी जायला जागा उरत नाही. मी छातीवर हात ठेवला. म्हटलं, आपण होऊन गेल्या, या डोळ्यांनी पाहिलं, अगदी पावलं मोजली.

बाईंनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बरं. गेल्या, आल्या, मान्य. पण काका, प्रत्येक वाटीला घट्ट झाकण होतं. आत गेल्यावर ते परत लावत कोण होतं?"