सागाला लागलेली वाळवी

मेश्रामकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघतात. दाराशी चपला काढून सरळ खिडकीशी जातात, शर्टाच्या खिशातून हिरवी काचेची गोटी काढतात आणि खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवतात. गोटी जागेवर थांबली तर वळून 'नमस्कार' म्हणतात. घरंगळली तर नमस्कार लांबतो.

वारज्याच्या आमच्या सोसायटीत या गोटीची दहशत आहे. काका कुणाकडे निघाले की ग्रुपवर निरोप पडतो, 'पडदे ओढून घ्या.' एका घरी ते मुलीच्या पसंतीच्या कार्यक्रमाला वडीलधारे म्हणून गेले होते. निघताना त्यांनी मत दिलं, "मुलगी चांगली आहे जी. खिडकी मात्र दोन सूत आत उतरते." दुसरीकडे सांत्वनाला गेले, तर गोटी घरंगळत थेट हार घातलेल्या फोटोपाशी गेली. काकांनी ती उचलली, फोटोला मनापासून हात जोडले आणि मुलाला हळूच म्हणाले, "वाईट झालं. पण इतकी वर्षं त्यांच्या लक्षात कसं नाही आलं?"

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. बत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होते. तिथे केसभर फरक पडला तरी माल परत जायचा. निवृत्त झाल्यावर परत पाठवायला माल उरला नाही, म्हणून ते खिडक्यांकडे वळले असावेत. त्यांचं म्हणणं एवढंच की बाहेरून खिडकी बिल्डरची असते, पण आतून ती घरच्या माणसांची. आणि कुणी वाद घातला तर, "गोटी खोटं बोलत नाही जी."

गोटी बोलत नाही. मी बोललो. तेच सांगायला बसलो आहे.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बोलतो कमी. कमी बोलणाऱ्याचं खोटं लोकांना चटकन खरं वाटतं, याचा फायदा मी आयुष्यात फारसा घेतला नाही. एकदा घेतला, तो काकांच्या बाबतीत.

माझी आई ऐंशीची. सगळा जन्म नारायण पेठेत काढलेला, त्यामुळे वारजे तिच्या लेखी अजून गावाबाहेर आहे. दिवसभर ती हॉलच्या खिडकीशी खुर्ची टाकून 'इथे एवढ्या गाड्या येतात तरी कुठून' हे बघत बसते. त्या खिडकीचा कट्टा ओलीने फुगला, प्लास्टर हातात यायला लागलं. काकांनी गोटी न ठेवताच निकाल दिला आणि स्वतःच काम घेतलं. कुठल्याशा जुन्या बाजारातून सागाची एक जाड फळी आणली.

पहिले चार दिवस त्यांनी काहीच केलं नाही. आईसमोर स्टुलावर बसून चहा प्यायले.

"काका, काम कधी सुरू करायचं?" मी विचारलं.

"सुरूच आहे जी. पाहून राहिलो ना."

"पाहू दे त्यांना," आई म्हणाली. "तुझ्या वडिलांनी लग्नाआधी एवढं पाहिलं असतं तर दोघंही सुटलो असतो."

मग फळी बसली. मग बाजूच्या उभ्या पट्ट्या आल्या. त्या सरळ बसतात की नाही हे बघायला काका ओळंबा सोडायचे. दोरी हलू नये म्हणून घरातला पंखा बंद. महिना मे. मी आणि बायको घाम पुसत बसायचो आणि तिकडे त्या दोघांचं चालायचं.

"मेश्राम, साखर किती?"

"दीड चमचा."

"काल एक म्हणालात."

"काल काम कमी होतं."

फळीचा डावा कोपरा काकांनी पॉलिश पेपरने घासून घासून असा गोल केला की हात लावला की तो तिथेच राहावा. उजवा कोपरा तसाच टोकदार. "याचं काय?" मी विचारलं. "त्याला काय झालं?" असं म्हणून ते पुन्हा डावा घासायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं आता भान सुटलं.

वीस दिवस झाले. एका बाजूची पट्टी अजून बाकी, विटा दिसत होत्या. आठवड्यावर आईचं सहस्रचंद्रदर्शन आलं होतं. पन्नास माणसं येणार आणि हॉलभर लाकडाचा भुसा. नेमके काका पुतण्याच्या लग्नाला आठ दिवस भंडाऱ्याला गेले. मी ग्रॅनाइटवाल्याला बोलावलं. त्याने दोन तासांत फळी उचकटली, तिन्ही बाजूंनी काळा चकचकीत दगड बसवला आणि फळी खाली पार्किंगमधल्या राडारोड्यावर टाकून दिली. कार्यक्रमात सगळ्यांनी खिडकीचं कौतुक केलं. 

काका परतले. आले ते थेट खिडकीशी. गोटी ठेवली. ती दगडावरून सुळकन खाली आली आणि कॉटखाली गेली.

"फळी?" त्यांनी विचारलं.

'मला घाई झाली होती,' एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "वाळवी लागली होती, काका."

"सागाला?"

"हो."

"वीस दिवसांत?"

"…हो."

काका गुडघ्यावर बसले, कॉटखाली हात घालून गोटी काढली, फुंकर मारून खिशात टाकली आणि गेले. आई खुर्चीतच होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर काका आमच्याकडे आले नाहीत. आई खिडकीशी बसेनाशी झाली. "थंड लागतं तिथे," म्हणाली. मी दगडावर टॉवेल अंथरला. एका रविवारी मी पेपर वाचत होतो आणि टॉवेलमुळे पुन्हा तिथे बसलेली आई खुर्चीतून उठायला बघत होती. डावा हात कट्ट्याच्या कोपऱ्यावर टेकवला, तो सटकला. पुन्हा टेकवला, पुन्हा सटकला. मग तिने मला हाक मारली. उठायला म्हणून आईने मला कधी हाक मारली नव्हती. ती कुणाचा हात धरून उठत नाही.

चार दिवस काका काय बघत होते ते मला तेव्हा कळलं.

"आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू वाळवी सांगितलीस," ती म्हणाली. "मग मी आणखी काय सांगणार?"

मी तसाच काकांकडे गेलो. काकू गेल्यापासून सहा वर्षं ते एकटेच राहतात. दार उघडं होतं. आमची फळी त्यांच्या खिडकीत नुसती ठेवलेली होती, न ठोकता. राडारोड्यातून त्यांनी ती उचलून आणली होती, खिळ्यांची भोकं भरून पुन्हा पॉलिश केली होती. स्टूल तिच्यासमोर ओढलेलं होतं.

"वाळवी नव्हती, काका. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे जी. रोज तपासतो. अजून नाही लागली."

माफी कशी मागतात हे पुस्तकांत वाचलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. शेवटी काकाच बोलले, खिडकीकडे बघत.

"चूक माझीही आहे. काम आठ दिवसांचंच होतं."

"मग वीस कसे लागले?"

त्यांनी फळीवरची न दिसणारी धूळ पुसली. "तुमच्या आई साखर विचारायच्या ना. किती घालू म्हणून. घरी कोण विचारतं?"

दुसऱ्याच दिवशी मी दगड काढायला लावला. ग्रॅनाइटवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला मिळायलाच हवी होती. काकांनी फळी बसवली, पट्ट्या बसवल्या, पंखा बंद करवला. या खेपेला सहा दिवसांत सगळं झालं. आई खिडकीशी आली, डाव्या कोपऱ्यावर हात टेकवून स्वतःची स्वतः उठली आणि काही झालंच नसल्यासारखी चहा टाकायला गेली.

याला वर्ष होत आलं. गेल्या रविवारी काका आले, गोटी ठेवली, कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"सरळ आहे," ते म्हणाले. "आता यायचं काही काम नाही जी."

आईने चष्मा पुसला. "मला हलल्यासारखी वाटली."

"नाही हो, आई," काका म्हणाले.

"तुमचे डोळे तपासून घ्या, मेश्राम. याला विचारा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. काकांची नजर तीच होती, सागाला वाळवी लागली तेव्हाची.

"हलली," मी म्हणालो. "जराशी."

काका गोटीकडे बघत राहिले. मग पिशवीतून पॉलिश पेपर काढला, स्टूल ओढलं आणि म्हणाले, "मग पुढच्या रविवारीही पाहावं लागेल."

"बसा," आई म्हणाली. "साखर किती?"

गोटी होती तिथेच होती.