शालनआत्याचा उजवा हात

कुणाचं नाव घेत नाही, पण कुणीतरी माझ्या आत्याचा उजवा हात ठेवून घेतला आहे आणि मागायला गेलं की करार दाखवतं.

शालनआत्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. एकतीस वर्षं ती तालुक्यातल्या पोरांना लस टोचते आहे. आतोबा गेल्यापासून तिच्या हातात बांगड्या नाहीत. माझ्या बहिणीच्या, मीनलच्या लग्नात पहिली हळद आत्यानंच लावायची, असं मीनलनं ठरवलं. दोन-तीन म्हाताऱ्या तेवढ्यात पाणी प्यायला उठल्या आणि हळद संपेपर्यंत पीतच राहिल्या. आत्यानं मोकळ्या हातानं मीनलच्या गालाला हळद लावली. फोटो निघाला.

अल्बम दीड महिन्यानं, एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता आला. फोटोत आत्याच्या हाताच्या जागी दुसराच हात होता. गोरा, गुबगुबीत, कोपरापर्यंत मेंदी आणि मनगटात डझनभर हिरव्या बांगड्या. पावणेतीन वाजता आत्याचा हातही तसा झाला. ती तेव्हा चहा गाळत होती.

मेंदी घासून गेली नाही. बांगड्या निघाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या हजेरीच्या यंत्रानं तिचा अंगठा नाकारला.

"सिस्टर, तुम्ही आलाय हे मला दिसतंय," डॉक्टर म्हणाले, "पण यंत्राच्या मते तुम्ही गैरहजर आहात."

तरी त्यांनी तिला लसीकरणाला बसवलं. नव्या हातानं सिरिंज लाटण्यासारखी धरली. पहिल्याच बाळाची आई बाळ उचलून घरी गेली. मग डॉक्टरांनी लेखी दिलं: पुढील बुधवारपर्यंत मूळ हात अथवा त्याची असंपादित फाईल सादर करावी, अन्यथा आपणांस लसीकरणाच्या कामावरून कमी करण्यात येईल.

सोमवारी आम्ही दोघी फोटोग्राफर कुंभोजकरांच्या स्टुडिओत गेलो. त्यांनी खुर्च्या दिल्या, पंखा लावला.

"बांगड्या घालायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"कुणीच नाही, ताई. सांगावं लागत नाही. बावीस वर्षं हळदी काढतोय मी. मोकळा हात बरा दिसत नाही."

"कुणाला?"

"अल्बमला."

"आणि हा हात कुणाचा?"

"तयार हात आहे. ठेवलेले असतात आमच्याकडे. हात, केस, एखाददुसरी हनुवटी."

"मग आमचा मूळचा द्या. ती फाईल जशी होती तशी द्या."

"रॉ फाईल आम्ही देत नाही. आचारी कधी कच्ची भाजी पानात वाढतो का?"

"भाजी आत्याच्या खांद्याला फुटलेली होती!"

कुंभोजकर रागावले नाहीत. त्यांनी करार काढला. "कलम सात. असंपादित फाईली ही स्टुडिओची मालमत्ता राहील. खाली तुमच्या वडिलांची सही."

"सही बाबांची आहे. हात आत्याचा आहे."

"हाताचा वेगळा उल्लेख नाही यात." ते जरा पुढे वाकले. "ताई, मागे एकाला दिल्या होत्या फाईली. त्यानं त्यांवर गुलाबी बदाम चिकटवले आणि खाली माझं नाव टाकलं. गावभर फिरलं ते. तुम्ही हा हात घेऊन हिंडणार, असा काळसर, शिरा आलेला. लोक म्हणणार, कुंभोजकरांचं काम बघा, अर्धवट सोडलंय."

गुलाबी बदामांचं मला खरंच वाईट वाटलं. पण अर्धवट? पाच बोटं होती त्या हाताला. आमच्या तालुक्यात असा एक दंड नसेल, जो त्यानं कधी धरला नाही. त्यात पुरं करायचं काय राहिलं होतं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

"निदान दाखवा तरी," आत्या म्हणाली.

त्यांनी फाईल उघडली. संगणकाच्या पडद्यावर आत्याचा हात होता. करंगळीपाशी, पूर्वी सुया उकळून घ्याव्या लागत तेव्हा पोळल्याचा डाग. हळद अजून ओली होती. आत्याला पाहून त्या हातानं अंगठ्यावर तर्जनी चोळली, सुई धरण्याआधी ती चोळते तशी.

"वाळलाय," आत्या म्हणाली. डाव्या हाताचं बोट तिनं पडद्यावरच्या डागावर ठेवलं. मग म्हणाली, "परवा बुधवार. बेचाळीस पोरं आहेत. फाईल देऊ नका. उघडी ठेवाल का?"

कुंभोजकरांनी करार पहिल्यापासून वाचला. फाईल उघडी ठेवण्याच्या आड कोणतंच कलम येत नव्हतं.

"आत्या, अगं तुझा हात आहे तो!" मी ओरडले. "विनवण्या कसल्या करतेस?"

"तू भांड. भांडायलाच पाहिजे. पण गोवर काही तुझ्या भांडणासाठी थांबायचा नाही."

तेव्हापासून दर बुधवारी दहा ते एक लसीकरण स्टुडिओत होतं. डॉक्टरांनी हजेरीचं यंत्र तिथं आणून ठेवलं. हात पडद्यातून कोपरापर्यंत बाहेर येतो, आधी अंगठा लावतो, मग कामाला लागतो. आत्या शेजारी बसून डाव्या हातानं बाळं धरते. बांगड्यांचा हात पदराखाली ठेवते. पासपोर्ट फोटोवाल्यांना एक वाजल्यानंतर यायला सांगितलं जातं.

मी दारात पुठ्ठा घेऊन उभी असते. त्यावर "हात परत द्या" एवढंच लिहिलं आहे. कुंभोजकर मला चहा पाठवतात, मी तो परत पाठवते. तिसरं पत्रही दिलं आहे. उत्तरात त्यांनी कलम सात पुन्हा उतरवून पाठवलं, या वेळी रंगीत.

परवाच्या बुधवारी रांगेत एक आजी होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि त्यावरून त्या सारखा पदर ओढून घेत होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा कुंभोजकरांनी विचारलं, "आजी, बाळ कुठंय?"

"बाळ नाही रे बाबा," आजी म्हणाल्या. "नातवाच्या मुंजीतलं माझं कपाळ तुझ्याचकडं आहे ना? एकोणीस सालची मुंज. घाई नाही, आधी पोरांचं होऊ दे."