गाडीतून न उतरणारा माणूस

"माझ्या नजरेतून मुंगीही सुटत नाही," तर्कभास्कर म्हणाले आणि चहा समजून त्यांनी शेजारचा निळीच्या पाण्याचा पेला तोंडाला लावला. मेहुण्याने तो काढून घेतला आणि हातात चहा दिला. "जाहिरातीत आणखी लिही. जिथे पोलिसांची अक्कल संपते, तिथे माझी सुरू होते. तर्कात मला तोड नाही, आणि नम्रतेत तर मी कुणाला जवळपास फिरकू देत नाही."

तर्कभास्कर ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती, कारण ती देण्याच्या लायकीचा दुसरा माणूस त्यांना सापडला नव्हता. कचेरी मेहुण्याच्या लॉन्ड्रीत, मागच्या बाजूला, गिऱ्हाइकांनी कधीच परत न नेलेल्या कोटांच्या रांगेआड. मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ; धाकटा असला तरी कानशिलांवरचे केस पिकलेला. "घरी बसले की माझ्यावर तर्क चालवतात, तू सांभाळ," असं बहीण म्हणाली होती आणि बहिणीचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. दिवसभर ओल्या रजया उचलायच्या आणि अधूनमधून दाजींना, असा त्याचा धंदा चालला होता.

त्या दिवशी कोट बाजूला सारून आत आले ते भूगोलाचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या मागे मास्तरीणबाई. मास्तरांनी उभी हयात नकाशावर छडी टेकवून पोरांना समुद्रकाठचा वळणावळणाचा रस्ता दाखवला होता, पण स्वतः कधी गेले नव्हते. लग्न झालं तेव्हा बायकोला त्या रस्त्याने न्यायचं कबूल केलं होतं. मग परीक्षा आल्या, बाळंतपणं आली, पुन्हा परीक्षा आल्या. आता त्यांनी एक जुनी गाडी हेरली होती. लाल, बुटकी, दोघांपुरती, वरचं छप्पर दुमडून मागे जाणारी.

"जागा दोघांची आणि खाणं चौघांचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "टायर रुंद, म्हणजे झिजणार लवकर. छताचं कापड विरलं की नवं घाला. आणि ते उघडणारी मोटर बिघडली तर त्या पैशात आमच्या घराचं छप्पर होईल. तरी मी हो म्हणतेय. ह्यांची हौस आहे, आणि वय काही परत यायचं नाही. पण गॅरेजचा मेस्त्री म्हणतो, गाडी खणखणीत आहे. मग तो माणूस मातीमोलाने का विकतोय? ते कळल्याशिवाय ती गाडी माझ्या दारात येणार नाही."

निकालाच्या दिवशी पोरं जशी त्यांच्याकडे बघायची, तसे मास्तर तर्कभास्करांकडे बघत होते. मेहुण्याला त्यांची फार दया आली.

गाडीवाला म्हणजे चष्म्यांचं दुकान मुलीच्या हवाली करून घरी बसलेला एक भरल्या अंगाचा गृहस्थ. घरी म्हणजे घरासमोर, गाडीत. तर्कभास्कर आणि मेहुणा बघायला गेले, तेव्हा त्याने बसल्या बसल्याच हात मिळवला. बॉनेट त्याच्या बायकोने उघडलं, डिकी तिनेच दाखवली, कागदही तिनेच आणले.

"जरा उतरून टायर दाखवता?" तर्कभास्करांनी विचारलं.

"टायर उतरून बघा नाहीतर बसून बघा, गोलच दिसणार," गाडीवाला म्हणाला आणि समोर बघत राहिला.

परतताना तर्कभास्करांच्या नाकाला रहस्याचा वास लागला होता. "तो उतरला नाही, लक्षात आलं?"

"आलं, दाजी. मला वाटतं..."

"वाटणं हे तुझं काम नाही. त्या सीटखाली काहीतरी आहे. हिरे. उठला की दिसतील, म्हणून उठत नाही."

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याच्या घरासमोरच्या सलूनमधून पाळत सुरू झाली. नुसतं बसून राहिलं तर संशय येईल, म्हणून तर्कभास्करांनी दाढी करून घेतली. मग पुन्हा दाढी करून घेतली. तिसऱ्या खेपेला गालावर काही उरलं नव्हतं, तेव्हा न्हाव्याने नाइलाजाने मिशी काढली. तोवर गाडीवाल्याने गाडीत पेपर वाचला, गाडीतून मुलीला दुकानाच्या चौकशीचा फोन केला, आणि बायकोने दारावरून दिलेलं ताट गाडीतच जेवला. मध्ये पावसाची एक सर आली. बायको कमरेची किल्ली घेऊन आली, त्याने बटण दाबून छप्पर ओढून घेतलं आणि सर गेल्यावर उघडलं. जागचा हलला नाही.

"हिरे नाहीत," तर्कभास्कर फेसातून म्हणाले. "बायको त्याच्यावर विषप्रयोग करतेय. घरात पाऊल टाकायला तो घाबरतो."

"पण जेवण तिनेच दिलं, दाजी."

"मग फरार आहे. कुठल्याही क्षणी पळता यावं म्हणून गाडीतच राहतो."

"गाडीची किल्ली बायकोच्या कमरेला आहे."

"तू फार बोलतोस," तर्कभास्कर म्हणाले. "जा, रस्त्यात उभा राहा आणि आग लागली म्हणून ओरड."

मेहुणा ओरडला. तोंडाला फेस असलेली गिऱ्हाइकं बाहेर धावली, वाण्याने शटर ओढलं, एका बाईने दोन्ही मांजरं काखोटीला मारली. गाडीवाल्याने फक्त मान वळवली आणि "कुठे?" असं विचारलं. मात्र त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि दोन्ही हातांनी त्याने दार गच्च धरलं होतं. हे मेहुण्याने पाहिलं, पण पाहणंही बहुधा त्याचं काम नव्हतं.

"संध्याकाळी दोन दांडगे जण येतात," न्हावी म्हणाला. "थोडी झटापट होते. मग गाडी रिकामी."

"टोळी," तर्कभास्कर म्हणाले आणि त्यांनी नसलेल्या मिशीवर ताव दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गाडीभोवती जमले. तर्कभास्करांनी घसा साफ करून हिऱ्यांपासून टोळीपर्यंत सगळं सांगितलं, आणि कुठल्याच दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत म्हणजे कट किती खोल आहे ते बघा, असंही सांगितलं. मास्तरांचा चेहरा उतरत गेला. एवढं ऐकल्यावर बायको ही गाडी घेऊ देणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"आता उठा," तर्कभास्करांनी फर्मावलं.

गाडीवाला गाडीच्या रंगाचा झाला. "उठणार नाही."

"पाहिलंत?"

मास्तरीणबाईंनी पर्स बॉनेटवर ठेवली आणि गाडीवाल्याकडे वाकून हळूच विचारलं, "गुडघे की कंबर?"

गाडीवाल्याने खाली बघितलं. "दोन्ही, ताई."

मेहुण्याने मान डोलावली.

"बसायला काही लागत नाही," तो म्हणाला. "दार उघडलं की माणूस आपोआप आत पडतो. उठायला मात्र जावई आणि त्याचा दोस्त लागतात. ते कामावरून सुटले की येतात."

"मग रोज बसता कशाला?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"सकाळी वाटतं, आज जमेल." त्याने स्टीअरिंगवरून हात फिरवला. "आता जावयाची बदली झालीय. पुढच्या आठवड्यात जातोय तो. त्याच्या आत विकायला हवी, नाहीतर मी इथेच राहीन."

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," तर्कभास्कर म्हणाले, "रहस्य सीटवरच आहे."

मेहुणा पुढे झाला. ओली रजई उचलायची ती मधोमध धरून, हिसका न देता, हे त्याला ठाऊक होतं. त्याने गाडीवाल्याला काखेत धरलं, न्हाव्याने पाय बाहेर काढले, आणि गृहस्थ उभा राहिला. उभा राहिल्यावर तो चांगलाच उंच निघाला.

मास्तर गाडीपासून दोन पावलं मागे सरकले होते. त्यांचे गुडघे जिना चढताना कसे वाजतात ते अख्ख्या घराला माहीत होतं. "जाऊ दे," ते बायकोला म्हणाले. "टायरचा खर्च धरला, छताचा धरला. ह्याचा कुठे धरला होता आपण? नकाशा आहेच घरी."

"बसा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अगं, उठता येणार नाही."

"बसा म्हणते ना." मास्तर बसले, म्हणजे पडलेच. मग त्या वळसा घालून पलीकडे गेल्या, दार उघडलं आणि त्याही पडल्या. पदर सावरून त्यांनी मेहुण्याला विचारलं, "भाऊ, तुमची लॉन्ड्री संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते?"

पुढच्या रविवारी अंधार पडायच्या सुमारास लॉन्ड्रीसमोर हॉर्न वाजला. कोटांआडून तर्कभास्कर ओरडले, "कुणीतरी संकटात आहे. हा आवाज मी ओळखतो." मेहुणा हात पुसत बाहेर गेला. मास्तरांचं नाक उन्हाने सोललं होतं, मास्तरीणबाईंच्या केसांचं घरटं झालं होतं, आणि दोघांच्या पायाशी वाळू होती. मेहुण्याने वाकून हात पुढे केला.

"थांबा जरा, भाऊ," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आम्हाला उतरायची घाई नाही."