सामंतकाकांचा चिमटा

खालच्या मजल्यावरचे सामंतकाका रोज संध्याकाळी डाव्या कानाला कपड्यांचा चिमटा लावून गॅलरीत बसतात आणि मुलुंडच्या डोंगराकडे पापणी न हलवता बघतात. चिमटा आमचा आहे. दोरीवरून पडला, तो त्यांनी विज्ञानासाठी ठेवून घेतला.

विजेच्या मीटर खात्यातून निवृत्त झालेल्या काकांना एका प्रयोगशाळेनं स्वयंसेवक म्हणून घेतलंय. कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याला क्लिप लावायची, तिथल्या नसेला सौम्य करंट द्यायचा आणि डोळ्याची बाहुली किती मोठी होते ते कॅमेऱ्यानं टिपायचं. यात काकांचं काम स्वस्थ बसण्याचं. सोसायटीत मात्र ते "सध्या मेंदूवर काम करतोय" असं सांगतात.

"पण घरी चिमटा कशाला?" मी वरून वाकून विचारलं.

"रियाज! विज्ञानाला हलणारा माणूस चालत नाही रे."

"काका, कान सुजेल ना!" माझी बायको नंदा ओरडली. "आणि चिमटा द्या आमचा!"

"बोलायला लावू नकोस गं, पापणी हलते!"

करंट लागल्यावर कसं वाटतं, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरतो. "ओहोटीच्या वाळूत पाय रुततात ना, तसं. सगळं हळूहळू लांब जातं. डोंगरसुद्धा." काकी गेल्यापासून त्यांच्या घरात टीव्हीच काय तो बोलायचा. रियाजासाठी तोही बंद झाला.

परवा दुपारी काका चिमटा परत करायला आले. खुर्चीत बसले ते मीटर जळाल्यासारखे.

"वाट लागली रे. काल करंट बंदच होता. फरक बघायला मुद्दाम तसं करतात, आपल्याला न सांगता. आणि माझी बाहुली मोठी झाली! चांगली टपोरी. प्रयोग बिघडवला मी. आता पुढच्या फेरीला कोण बोलावतंय?"

"असं होतं हो. त्या वेळी काही झालं होतं का?"

"काही नाही. ती डॉक्टर पोरगी आली नि म्हणाली, 'काका, जेवलात का?' बस."



तेवढ्यात स्वयंपाकघरातून नंदानं, यातलं अक्षरही न ऐकता, दुपारी आलेल्या कुणालाही विचारते तसं विचारलं, "काका, जेवलात का?"

असल्या प्रयोगांवर माझा फारसा विश्वास नाही. तरी मी काकांच्या डोळ्यांत पाहिलं.

नंदा ताट घेऊन आली तेव्हाही ते तसेच बसले होते, चिमटा मुठीत धरून, पापणी न हलवता.