रक्तात सापडलेला पुंजका

अवघडातलं अवघड विज्ञान मी शुद्ध मराठीत, अगदी आईलाही समजेल असं सांगू शकतो, हे मी आमच्या खगोलसंस्थेच्या ऑफिसात छाती ठोकून सांगत असे. बाकीचे ‘इन्फ्रारेड’ म्हणत, मी ‘अवरक्त’. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश धुळीतून आरपार येतो, म्हणून आकाशगंगेतल्या धुळीच्या ढगांमागे दडलेले तारे त्यात सापडतात.

तर त्या सकाळी मला तसाच ताऱ्यांचा एक पुंजका सापडला! खरा की भास, हे ठरवायला मोठ्या दुर्बिणीवर एक रात्र हवी होती. पुढची पाळी माझीच होती. पुंजका खरा निघाला, तर शोध माझ्या नावावर!

मी आधी आईला फोन लावला. तिकडे मिक्सर चालू होता.

“आई, अवरक्तात पुंजका सापडला! इतकी वर्षं लपून होता!”

“रक्तात?” आई किंचाळली.

“हो, अवरक्तात! आता कामात आहे, ठेवतो!” आणि मी फोन बंद करून टाकला. काम म्हणजे काम!

अर्ध्या तासाने आमचे साहेब आत आले. डोळे पाणावलेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मला सगळं कळलं. कधीपासून आहे?”

बातमी फुटली वाटतं! मी खूश झालो. “आहे जुनाच साहेब. कोणाच्या लक्षात आला नाही इतकंच.”

“वाढतोय?”

“वाढतोय ना! अजूनही नवे तयार होताहेत आत!”

साहेब मटकन खुर्चीत बसले. “आणि तू हसतोयस?”

“हसू नको तर काय? आता दुर्बिणीवर एक रात्र मिळाली की झालं.”

“अशा अवस्थेत जागरण? मुळीच नाही! तुझी पाळी मी शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना दिली. तू घरी जा. आई आणि मामा बाहेर थांबलेत.”

थांबले कुठले! दार ढकलून आई आत, मागून रिपोर्टांसाठी रिकामी पिशवी घेऊन मामा. आई गळ्यात पडून रडायलाच लागली. “आई, अगं तारे! ताऱ्यांचा पुंजका! आकाशात!” मी ओरडलो.

आईने डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

“आकाशात तारे सापडले? मग तिथे काय बटाटे सापडणार होते? केवढा जीव घाबरवलास मेल्या!”

साहेब फक्त एवढंच पुटपुटले, की वेळापत्रक दुर्बिणीकडे गेलंय, आता बदलता येणार नाही.

पुंजका खरा निघाला. शोध मॅडमच्या नावावर छापून आला. बाई मनाने चांगल्या, श्रेय बुडवणाऱ्यांतल्या नव्हेत. शोधनिबंधाच्या शेवटच्या पानावर त्यांनी माझे आवर्जून आभार मानलेत: “प्रकृती इतकी नाजूक असतानाही केलेल्या मदतीबद्दल.”