गजूकाका आणि भाग दोन

सिनेमाच्या नावापुढे आकडा दिसला की आमचे गजूकाका खुर्ची फिरवतात आणि टीव्हीकडे पाठ करून बसतात. उठून जात नाहीत. चहा व्हायचा असतो.

चिखल्याला आमच्या घराला लागूनच त्यांची चिकूची वाडी. काकी गेल्यापासून संध्याकाळी ते आमच्याकडे टीव्ही बघायला येतात, म्हणजे निम्म्या वेळा भिंत बघायला येतात. कारण हल्ली नुसता सिनेमा निघतो कुठे? भाग दोन तरी निघतो, नाहीतर जुन्याच गोष्टीला नवे कपडे घालून उभं करतात.

"खिरणीवर चिकूचं कलम बांधलं, ठीक. गोड फळ आलं," काका भिंतीला सांगतात. "आता त्या चिकूवर परत काय बांधणार, वांगं?"

त्यांच्या आवडत्या जुन्या मालिकेतले वैद्यबुवा मध्यंतरी नव्या नटाला घेऊन परत आले. काकांनी त्याला क्षणभर पाहिलं. "हा वैद्य नाही. वैद्याच्या घरात घुसलेला भाडेकरू आहे," म्हणाले आणि खुर्ची फिरवली. एकदा त्यांचा पुतण्या त्यांना डहाणूला एका दरोडेखोराच्या सिनेमाचा भाग तीन बघायला घेऊन गेला. काकांनी तिकीट खिडकीवर विचारलं, "पहिला आहे का?" आतला म्हणाला, "काका, तो लागून गेला, जमाना झाला." "जवा दे," काका म्हणाले. 'जाऊ दे' त्यांच्या तोंडून नेहमी गुजरातीतच येतं. पुतण्या आत गेला, काका बाहेर भजी खात बसले. दोघांत जास्त मजा कोणाला आली, हे पुतण्या अजून सांगत नाही.

आता माझ्याबद्दल. मी तलासरीच्या शाळेत मराठी शिकवतो आणि नाटककार आहे. माझं एक नाटक गाजलं. एकच लिहिलं होतं, पण गाजलं. 'दाराची कडी' त्याचं नाव. बायको रुसून निघून जाते, नवरा तिची वाट बघत राहतो. शेवटी दाराची कडी वाजते, तो उठतो आणि पडदा पडतो. कोण आलं, ते मी सांगितलं नव्हतं. समीक्षक त्याला सूचक शेवट म्हणाले. खरं म्हणजे मला पुढचं सुचलं नव्हतं.

यंदा सुचलं. हौशी मंडळी मागे लागली आणि मी 'दाराची कडी : भाग दोन' लिहिलं. दारात कुरिअरवाला निघतो. बायको वापीला खानावळ काढून मजेत असते आणि परत येत नाही. नवऱ्याला मी एक जुळा भाऊही दिला, कारण दुसऱ्या अंकाला काहीतरी हवं होतं.

डहाणूच्या प्रयोगाला मी काकांना पहिल्या रांगेत बसवलं. माझ्यासाठी ते अपवाद करतील अशी माझी समजूत होती. लेखकाच्या अशा बऱ्याच समजुती असतात. कुरिअरवाला आत आला आणि काकांनी आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून फिरवली. पुढचं सगळं नाटक ते प्रेक्षकांकडे तोंड करून बसले होते आणि प्रेक्षक रंगमंचापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होते. त्यात प्रेक्षकांची चूक नव्हती.

त्यानंतर काका आमच्याकडे यायचेच बंद झाले. रविवारी मीच त्यांच्या वाडीत गेलो. ते झाडाखाली चिकू निवडत होते.

"जुळा भाऊ नको होता, कळतंय मला," मी म्हणालो.

"जवा दे. भावाचं काही नाही." काकांनी हातातला चिकू पुसला, परत पुसला. "पहिलं नाटक मी आणि तुझ्या काकीने बरोबर पाहिलं होतं. परत येताना रिक्षातच भांडण लागलं. ती म्हणे, दारात बायकोच आहे. मी म्हटलं, छे, ती कसली येते. जेवायला बसलं की हाच विषय. शेवटपर्यंत ती मागे हटली नाही."

काकांनी दुसरा चिकू उचलला.

"ती गेल्यावरही चालूच होतं. मी पानावर बसून म्हणायचो, नाही येत ती. काकी काय बोलली असती ते मला पाठ होतं. तू आता निकाल लावून टाकलास. मीच जिंकलो." त्यांनी चिकू टोपलीत ठेवला. "आता कोणाशी भांडू?"

उरलेले प्रयोग मी रद्द करणार होतो, पण ते सांगून आता काय उपयोग होता? मी बाजूची टोपली उपडी करून तिच्यावर बसलो.

"काका, भाग दोन सोडा. ते मी काहीतरीच लिहिलं. मला विचाराल तर दारात तीच आहे."

काकांनी मान वर केली.

"कशावरून?" ते म्हणाले, आणि पुढ्यातले चिकू बाजूला सारून नीट मांडी घालून बसले.